कामिनीची कबर

१९४९ साली ‘महल’ची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. या नावाची कुणी गायिका मुंबईत नव्हती. ते चित्रपटातल्या भुताचं नाव होतं. त्या काळी तबकडीवर पात्राचं नाव घालायची रीतच होती, त्यामुळे कंपनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण ‘आएगा आनेवाला’ रेडिओवर वाजायला लागलं आणि ऐकणाऱ्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. ही कामिनी कोण, कुठली, हेच सगळ्यांना हवं होतं. अखेर कंपनीकडून नाव मिळवून रेडिओवर सांगावं लागलं, की गाणारीचं नाव लता मंगेशकर.

गळा लताचा आणि चेहरा मधुबालेचा. गाणारी विशीची, दिसणारी सोळा वर्षांची. हिंदी पडद्यावरचं मनात घर करून राहिलेलं पहिलं भूत या दोन मुलींनी मिळून उभं केलं. पुढं पन्नास वर्षं पडद्यावर रात्रीच्या अंधारात ज्या ज्या बायका गात हिंडल्या, त्या सगळ्या या कामिनीच्या लेकी.

आम्हा गोंयकारांचा या कथेवर थोडा हक्क आहे, कारण त्या गळ्याचं मूळ मंगेशीत आहे. लताचे वडील दीनानाथ यांचा जन्म तिथला, १९०० सालचा. त्यांची आई येसूबाई मंगेशाच्या देवळात सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यातली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गळ्यांनी त्याच काळात गोव्याबाहेर जाऊन नाव कमावलं. देवळाच्या चौकात घडलेलं ते गाणं नाटक कंपनीतून फिरत फिरत सिनेमाच्या मायक्रोफोनपर्यंत कसं पोचलं, हा इतिहास आपण अजून नीट लिहिलेला नाही. ‘महल’ हे त्यातलं एक मोठं पान.

मुंबईच्या जुहू कबरस्तानात मधुबालेचं जे झालं, त्याबद्दल लिहायचं म्हणून मी बसलो आहे. पण तिथं जायचं तर आधी १९४२ सालात जावं लागतं.

त्या वर्षी एप्रिलात पुण्यात दीनानाथ वारले. त्यांच्या ‘बलवंत संगीत मंडळी’ या नाटक कंपनीचं वैभव तोवर ओसरलं होतं. थोरली लता बाराच्या पुढची, पाठीवर चार भावंडं. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी आधार दिला आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या मराठी चित्रपटात ती तोंडाला रंग लावून उभी राहिली. तोंडाला रंग लावणं तिला कधीच आवडलं नाही, हे तिनं पुढं अनेकदा सांगितलं आहे. घरात पैसे यायला हवे होते, म्हणून तिनं ते केलं.

त्याच वर्षी मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘बसंत’ आला. त्यात नऊ वर्षांची एक पोर होती, ‘बेबी मुमताज’. पूर्ण नाव मुमताज जहाँ बेगम देहलवी, जन्म दिल्लीचा, १४ फेब्रुवारी १९३३. वडील अताउल्ला खान मूळचे पेशावरकडचे पठाण. इंपीरियल टोबॅको कंपनीतली नोकरी सुटली आणि खटलं उघड्यावर आलं. अकरा भावंडांतली ही पाचवी. दिल्लीच्या रेडिओवर गाणं म्हणून तिनं आधी चार पैसे मिळवले होते. मग बाप तिला घेऊन मुंबईत आला आणि स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागला.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. निम्मी मुंबई हादरली, शेकडो माणसं गेली. या कुटुंबाचं राहतं घरही त्यात गेलं. सगळे सिनेमा बघायला बाहेर गेले होते म्हणून वाचले, असं घरचे सांगत. सिनेमानं या माणसांना दोनदा जगवलं, एकदा तिकिटामुळे आणि नंतर पगारामुळे.

१९४७ साली केदार शर्मांनी ‘नीलकमल’मध्ये तिला नायिका केलं. चौदा वर्षांची होती. समोर राज कपूर. मधुबाला हे नाव देविका राणींनी सुचवलं असं सांगतात. आजच्या चौदा वर्षांच्या मुलीकडं बघितलं की हे आकडे नुसते वाचून पुढं जाता येत नाही. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत. सकाळी स्टुडिओ, संध्याकाळी घर, करारावर सही वडिलांची. तिच्या सौंदर्यावर आपल्याकडं ढिगानं लिहिलं गेलं. ती घरातली कमावती मुलगी होती, हे मात्र त्या लिखाणात ओझरतं येतं.

आता ‘महल’. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. बॉम्बे टॉकीजचा कारभार तेव्हा अशोककुमार आणि सावक वाच्छा बघत. छायाचित्रण जोसेफ वर्शिंग या जर्मन माणसाचं. तो दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर मुंबईत आला होता, युद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं त्याला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून छावणीत कोंडलं, आणि सुटल्यावर तो पुन्हा कॅमेऱ्यामागं उभा राहिला. जर्मन मूकपटांतल्या लांबलांब सावल्या त्यानं अलाहाबादेच्या नदीकाठच्या वाड्यात आणून सोडल्या. संकलन बिमल रॉय यांचं. एवढी मोठी माणसं एका भुताच्या मागं लागलेली होती.

गोष्ट थोडक्यात अशी. हरिशंकर नावाचा तरुण लिलावात घेतलेल्या एका जुन्या वाड्यात राहायला येतो. म्हातारा माळी त्याला सांगतो, की हा वाडा एकानं कामिनीसाठी बांधला, पण तो नदीत बुडाला. ‘मी परत येईन’ असं सांगून गेला आणि वाट बघता बघता कामिनीही गेली. त्या माणसाची तसबीर भिंतीवर आहे आणि तिच्यातला चेहरा हरिशंकरचाच. रात्री दोनचे टोले पडतात आणि गाणं ऐकू येतं. झोपाळ्यावर एक बाई झुलताना दिसते. जवळ जावं तर झोपाळा रिकामा. मग ती नावेत दिसते, पाण्यावर. हरिशंकर त्या आवाजामागं बायको, घर, शुद्ध, सगळं हरवून बसतो. शेवटी कोर्टात उलगडा होतो. ते भूत नव्हतंच. ती माळ्याची मुलगी आशा. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत, ती तसबीर बघत वाढलेली, आणि त्या तसबिरीतल्या माणसावर जीव जडलेली.

मला हा उलगडा भुतापेक्षा जास्त चटका लावतो. माळ्याची पोर मालकाच्या वाड्यात मालकीण म्हणून हिंडू शकते ती फक्त भूत होऊन, रात्री दोननंतर. दिवसा तिचं तिथं काय? गोव्यातल्या मये गावात वाढलेल्या माणसाला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. आमचा गाव पोर्तुगीज काळातल्या एका सरदार घराण्याच्या मालकीचा. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मालक निघून गेले, आणि जमीन ‘परागंदा मालमत्ता’ म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. १९६४ साली तसा कायदाच झाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती भाटं राखली, कुळागरं शिंपली, त्यांच्या नावावर पायाखालची माती नव्हती. विधानसभेनं ती मालकी रद्द करणारा कायदा केला तो २०१४ साली, म्हणजे मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी. दुसऱ्याच्या वाड्याची बाग राखता राखता आपण तिथलेच आहोत असं वाटायला लागणं, हे आशाचं दुखणं आमच्या गावात घरोघर ओळखीचं.

आणि भुताचं म्हणाल तर गोव्यातलं भूत जागेला बांधलेलं असतं. देवचाराची शीव ठरलेली, झाड ठरलेलं. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा घेऊन तो राखण करतो. वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो आणि वर्षाला आपला सोरो-रोट, म्हणजे दारू आणि भाकरी, मागतो. भीती आहे, पण तिच्यात आपलेपणा आहे. कामिनीही वाड्याला बांधलेली. तिला कुणाचं रक्त प्यायचं नाही. राहायला जागा हवी आहे आणि हाकेला ओ देणारं कुणी हवं आहे. विलायती भयपटांपेक्षा कामिनी आम्हाला जवळची वाटते ती यामुळेच, असं माझं मत आहे.

‘आएगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रणाची हकीकत लताबाईंनी पुष्कळदा सांगितली आहे. आवाज लांबून जवळ येतो आहे असा भास हवा होता. आज हे एक बटण दाबून होतं, तेव्हा तशी सोय कुठली! खोलीच्या मधोमध मायक्रोफोन ठेवला. लतानं कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि गात गात एकेक पाऊल टाकत मायक्रोफोनपाशी पोचायचं. सुरुवातीच्या ओळींना ठेका नाही, त्या मोकळ्या. पोचण्याची वेळ आणि मुखडा सुरू होण्याची वेळ एकच यायला हवी. चाल अगदी बेताची, पावलाचा आवाज होता कामा नये, दम टिकला पाहिजे. पुन्हा पुन्हा करून ते जमलं. संगीतकार खेमचंद प्रकाश, शब्द नक्शब यांचे. त्या गाण्यातलं ते जवळ येणं खरोखर चालून झालेलं आहे. एका मुलीची पावलं त्यात आहेत, म्हणून ते आजही अंगावर येतं.

आणि दुसऱ्या मुलीनं काय केलं? मधुबालेनं फार थोडं केलं, हेच तिचं मोठेपण. सोळाव्या वर्षी नटीला हातवारे करायचा, डोळे मोठे करायचा मोह होतो. ती गाताना जवळजवळ हलत नाही. नजर कॅमेऱ्याच्या जरा पलीकडं कुठंतरी लावलेली, ओठ जेमतेम हलतात. घाबरवायचा तिचा काही प्रयत्नच नाही. बघणाऱ्याला ती एवढी हवीहवीशी वाटते, की तो आपण होऊन अंधारात शिरतो. ही समज तिला कुठून आली असेल? नऊ वर्षांची असल्यापासून ती कॅमेऱ्यासमोर मजुरी करत होती. कॅमेरा काय खातो आणि काय टाकून देतो, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

‘महल’ तुफान चालला. दोघींचं नशीब एका रात्रीत पालटलं असं म्हणायची पद्धत आहे. त्या रात्रीमागं सात वर्षांची राबणूक होती.

पुढची वंशावळ सर्वांच्या ओळखीची. १९६२ ला ‘बीस साल बाद’ आला आणि त्यातल्या हेमंतकुमारांच्या चालीसाठी लताला फिल्मफेअर मिळालं. १९६४ ला राज खोसलांचा ‘वह कौन थी’, त्यात पावसातली, पांढऱ्या साडीतली साधना. त्याच साली आपल्या मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा, भावना आणि काशिनाथ घाणेकर यांचा. खोसलांनी तोच उचलून १९६६ साली ‘मेरा साया’ केला. साधनेचं ते गाजलेलं चित्र मुळात मराठी आहे, हे मराठी माणसानंही विसरावं याचं मला वाईट वाटतं. ‘महल’पासून ‘मेरा साया’पर्यंत एक गोष्ट कायम राहिली. भूत शेवटी माणूस निघतं. कुणी जुळी बहीण, कुणी कारस्थानात अडकलेली, कुणी माळ्याची लेक. रामसे बंधूंनी १९७२ साली महाबळेश्वरात ‘दो गज जमीन के नीचे’ चित्रित केला आणि तिथून मात्र मढं खरंच कबरीतून उठायला लागलं. भीती वाढली खरी, पण भुताला स्वतःचं दुःख राहिलं नाही.

मधुबालेला उपजतच हृदयाला छिद्र होतं. १९५४ च्या सुमाराला मद्रासला ‘बहुत दिन हुए’च्या चित्रीकरणात तिला रक्ताची उलटी झाली आणि दुखणं उघड झालं. तेव्हा हृदय उघडून शस्त्रक्रिया करणं ही जगातच नवी गोष्ट होती, आपल्याकडं तर नव्हतीच. उद्योगाच्या हिशेबात आजारी नटी म्हणजे बुडीत खातं, तेव्हा बोभाटा न करता ती काम करत राहिली. या दुखण्यासह तिनं ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘चलती का नाम गाडी’, ‘हावडा ब्रिज’ केले. लोकांना हसवणारी, खोड्या काढणारी मधुबाला ती हीच. ‘मुघल-ए-आझम’मध्ये अनारकली साकारताना तिनं खऱ्या लोखंडी साखळदंडांचं ओझं अंगावर वागवलं. ५ ऑगस्ट १९६० ला तो लागला. त्याच वर्षी तिचं किशोरकुमारांशी लग्न झालं, लंडनला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फार तर दोन वर्षं सांगितली. ती आठ वर्षांहून जास्त जगली. त्यातली बहुतेक वांद्र्याच्या ‘अरेबियन व्हिला’त, अंथरुणावर. १९६४ ला ‘शराबी’ लागला, तो तिच्या डोळ्यांदेखत आलेला शेवटचा. १९६९ मध्ये ‘फर्ज और इश्क’ नावाचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करायची तिनं तयारी चालवली होती. उभं राहायचं बळ नाही, तर बसून काम करू, हा विचार! २३ फेब्रुवारी १९६९ ला ती गेली. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते.

तिच्यामागं ‘शापित सौंदर्य’ हे बिरुद लागलं आणि लोकांनी तिला कामिनीच करून टाकलं. वाट बघत मेलेली, अतृप्त, रात्री गाणारी. मला हे अन्यायाचं वाटतं. ‘महल’ची सगळी गोष्ट सांगते, की भूत म्हणून जिच्यामागं धावलात ती एक जितीजागती मुलगी होती, तिच्याकडं दिवसाउजेडी कुणी बघितलं नाही. चित्रपट पाहून आपण नेमकं उलटं शिकलो.

जुहूच्या मुस्लिम कबरस्तानात तिला पुरलं. तिच्या रोजनिशीसह, असं घरचे सांगत. वर संगमरवर बसवला, त्यावर कुराणातली वचनं आणि तिच्यासाठीच्या ओळी कोरल्या. चाहते तिथं फुलं ठेवून जात. २०१० साली ती कबर तोडली गेली. नव्या मयतांना जागा हवी होती. मोहम्मद रफी आणि साहिर लुधियानवी यांच्या कबरीही त्याच वेळी गेल्या. रफींचे चाहते आजूबाजूचं एक नारळाचं झाड खूण धरून अंदाजानं हात जोडतात.

बातमी आली तेव्हा बराच गहजब झाला. पण कबरस्तान सांभाळणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. इस्लाममध्ये पक्की, उंच, कोरीव कबर बांधावी याला अनेक धर्मपंडितांची मान्यता नाही. मातीचं शरीर मातीत मिळावं आणि काही काळानं तिथं दुसऱ्याला जागा व्हावी, ही जुनी रीत आहे. मुंबईत जित्यांना जागा नाही, तिथं मेलेल्यांना कुठून येणार? आमच्याकडं गोव्यातही चर्चच्या दफनभूमीत तेच चालतं. काही वर्षांनी खड्डा उघडतात, अस्थी काढून ठेवतात, आणि त्याच मातीत गावातला पुढचा माणूस जातो. ज्याला कायमची जागा हवी त्यानं ती विकत घ्यायची. यात मेलेल्याचा अपमान आहे असं गावात कुणी मानत नाही. नट्यांना वेगळा न्याय का, हा कबरस्तानवाल्यांचा सवाल रास्त आहे.

तरीही एका गोष्टीनं माझं मन शांत होत नाही. लाहोरात अनारकलीचा मकबरा आहे. अष्टकोनी, घुमटाचा, आत पांढऱ्या संगमरवराची नक्षीदार समाधी, तिच्यावर १५९९ आणि १६१५ शी जुळणारी हिजरी वर्षं कोरलेली. अनारकली खरोखर होती की नाही, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. इंग्रजांनी तिथं चर्च केलं, समाधी बाजूला सरकवली, पुढं तिथं पंजाबचा दप्तरखाना झाला. एवढं होऊनही दगड शाबूत राहिला. जी कदाचित जन्मलीच नाही तिला चारशे वर्षं दगडी छत्र, आणि जिनं हाडाची काडं करून तिला पडद्यावर जिवंत केलं तिचा दगड एकेचाळीस वर्षांत गेला. २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून पुन्हा लावला, २००८ साली टपाल खात्यानं मधुबालेचं तिकीट काढलं, आणि त्यानंतर दोन वर्षांत ही गत.

कामिनीचा गळा ६ फेब्रुवारी २०२२ ला निमाला. शिवाजी पार्कावर सरकारी इतमामात लताबाईंना अग्नी दिला, अस्थी नाशिकला रामकुंडात गेल्या. शिवाजी पार्कावर स्मारक व्हावं अशी मागणी निघाली, मुलांचं खेळायचं मैदान जाईल म्हणून विरोधही झाला, आणि या वादात आम्हाला पडायचं नाही असं मंगेशकर कुटुंबानंच सांगितलं. लताबाईंना दगडाची तशी गरज नव्हती. मंगेशीला त्यांचं नाव घराघरात आहे.

मधुबालेच्या नावाची अशी राखण करणारा गाव नाही. दिल्ली सुटली, पेशावर दुसऱ्या देशात गेलं, मुंबईनं कामापुरतं ठेवून घेतलं. म्हणून जुहूबद्दल माझं एक साधं मागणं आहे. संगमरवर नको, चौथरा नको, कुणाची जागा अडायला नको. कबरस्तानाच्या फाटकालगत भिंतीवर एक पाटी असावी आणि आत कोणकोण आहे त्यांची नावं तिच्यावर ओळीनं लिहावीत. धर्माला बाध येणार नाही, खर्च फारसा नाही. आणि तिच्या नावापुढं ‘सौंदर्यवती’ वगैरे काही लिहू नये. मुमताज जहाँ बेगम देहलवी, जन्म १९३३, मृत्यू १९६९, अभिनेत्री, नवव्या वर्षापासून कामावर. एवढं लिहिलं तरी पुरे.